मळणी संपली, तरी कानात आवाज येतोय?



दिवसभर मळणी मशीनजवळ राहिलं की रात्री कानात 'कुईं' वाजतं. दुर्लक्ष करू नका. कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

✅ हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय? मग कान झाकाच.
✅ कापसाचा बोळा पुरत नाही. फोमचे इअरप्लग वळून बारीक करा, कान वर-मागे ओढून घाला, फुगेपर्यंत बोटाने धरा. दोरीवाले नकोत, मशीनमध्ये अडकतात.
✅ मशीनवर आळीपाळीने थांबा.
✅ रात्री आवाज जास्त जाणवतो. पंखा किंवा रेडिओ हळू चालू ठेवा.
❌ कानात तेल, काडी नको.

🔴 एकाच कानात आवाज येत राहिला तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. अचानक ऐकू कमी आलं तर त्याच दिवशी जा.