भंगारातला व्ही-८ आणि हजार हॉर्सपॉवर

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगवाल्यांचं लाडकं इंजिन कुठल्या महागड्या स्पोर्ट्स कारमधलं नाही, तर शेवरलेच्या पिकअप ट्रकमधलं आहे! जनरल मोटर्सचं ५.३ लिटरचं एलएम-७, १९९९ ते २००७ दरम्यानचं. कंपनीतून निघताना ताकद तीनशे हॉर्सपॉवरच्याही आत. पण ब्लॉक बिडाचा आणि क्रँकला प्रत्येक मेन बेअरिंगपाशी सहा बोल्टची पकड. टर्बोचा दाब सोसायला असाच सांगाडा लागतो.

मूळचेच क्रँक, रॉड आणि पिस्टन ठेवून टर्बो बसवायचा, तर खरी मेख पिस्टन रिंगमध्ये असते. टर्बोमुळे उष्णता वाढली की रिंग प्रसरण पावते. कंपनीने तिच्या दोन टोकांमध्ये ठेवलेली फट साध्या इंजिनाच्या हिशोबाची असते. ती मिटली की टोकं एकमेकांवर आदळतात, रिंग सिलिंडरमध्ये आवळते आणि पिस्टनचा वरचा काठ उडतो. म्हणून इंजिन खोलून रिंगची टोकं घासतात आणि फट वाढवतात. काम किचकट, खर्च जवळजवळ शून्य. माझ्या मते कॅमशाफ्ट बदलण्याच्या आधी हेच करावं.

मग कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि मोठे इंजेक्टर. इंधन शक्यतो इथेनॉल-मिश्रित ई-८५, कारण इथेनॉल वाफ होताना हवा थंड करतं आणि नॉकिंग टळतं. मात्र ते पेट्रोलपेक्षा साधारण तीस टक्के जास्त लागतं.

आणि ट्यूनिंग? मिश्रण लीन झालं किंवा इग्निशन टायमिंग जास्त पुढे गेलं, तर पिस्टन गेलाच म्हणून समजा.