एका स्वल्पविरामाचे दोन अर्थ

वर्गाच्या गुणांची सरासरी काढणारी एक छोटी आज्ञावली आपण लिहिली आहे, असे समजू. कोणी गुणांच्या जागी ‘गैरहजर’ असे टंकित केले, तर संगणकाला त्याचा आकडा करता येत नाही. यादीत एकही विद्यार्थी नसेल, तर शून्याने भागण्याची वेळ येते. अशा अडचणीला ‘अपवाद’ म्हणतात. अपवाद आला तर काय करायचे हे आधी सांगून ठेवणे म्हणजे तो ‘पकडणे’. न पकडल्यास आज्ञावली तेथेच थांबते.

पायथन या संगणकभाषेत पहिल्या अपवादाचे नाव व्हॅल्यूएरर, दुसऱ्याचे झीरोडिव्हिजनएरर. (प्रत्यक्षात हे शब्द रोमन लिपीत लिहितात.) दोन्हींवर उपाय एकच, पुन्हा माहिती मागणे, असेल तर आपण सहज लिहून जाऊ :

एक्सेप्ट व्हॅल्यूएरर, झीरोडिव्हिजनएरर :

आपल्याला याचा अर्थ ‘हा किंवा तो’ असाच लागतो. तिसऱ्या आवृत्तीपूर्वीच्या पायथनला मात्र तो निराळा लागे : पहिला अपवाद पकडा, आणि जो सापडेल त्याला स्वल्पविरामानंतरचे नाव द्या! संगणक तक्रार करीत नसे. ‘गैरहजर’ घालून तपासले, तर सारे सुरळीत चाले. रिकामी यादी आली की आज्ञावली कोसळे. दोन्ही नावे कंसात घातली, तरच दोन्ही अपवाद पकडले जात.

डिसेंबर 2008 मधील तिसऱ्या आवृत्तीत नाव देण्याचे काम ‘अ‍ॅज’ या शब्दाकडे गेले, आणि कंसाविना स्वल्पविराम ही सरळ चूक ठरली. आमच्या मते खरी सुधारणा हीच. गप्प राहणाऱ्या चुकीपेक्षा ओरडणारी चूक बरी. मोकळा झालेला हा स्वल्पविराम ऑक्टोबर 2025 मधील 3.14 या आवृत्तीने पुन्हा कामाला लावला. आता वरील ओळ कंसाविना चालते, आणि तिचा अर्थ आपल्याला वाटतो तोच आहे. ‘अ‍ॅज’ने नाव द्यायचे असेल, तर मात्र कंस हवाच. जुने पुस्तक हाती असेल, तर ते कोणत्या आवृत्तीचे आहे हे आधी पाहावे.

जावा या भाषेने 2011 मध्ये सातव्या आवृत्तीत यासाठी उभी रेघ निवडली. त्या भाषेत तिचा अर्थ पूर्वीपासूनच ‘किंवा’. मग पायथनमध्ये स्वल्पविरामाऐवजी इंग्रजी ‘ऑर’ लिहिले तर? विद्यार्थ्यांना हे जरूर करून पाहू द्यावे. संगणक तेही मुकाट्याने स्वीकारतो, आणि फक्त पहिला अपवाद पकडतो. ‘अँड’ लिहिले, तर फक्त दुसरा.