तळणीच्या तेलातले दुहेरी बंध

फास्ट फूड निवडताना बहु-असंपृक्त मेद कटाक्षाने टाळावेत, असा आग्रह गेल्या काही वर्षांत, विशेषतः अमेरिकेत, जोर धरू लागला असून सोयाबीन, सूर्यफूल, मका, सरकी यांसारख्या बियांच्या तेलांवर त्याचा मुख्य रोख आहे. १९३४ साली इलिनॉय राज्यात सुरू झालेल्या ‘स्टेक अँड शेक’ या साखळीने २०२५ च्या सुरुवातीस आपली बटाट्याची फ्राइज वनस्पती तेलाऐवजी गोवंशाच्या चरबीत तळण्याचे जाहीर केले, तेव्हा देशाचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी (धाकटे) यांनीही त्याचे उघड स्वागत केले. पस्तीस वर्षांपूर्वी याच देशात चरबीकडून तेलाकडे झालेला प्रवास त्यामुळे आता उलट दिशेने सुरू झाला आहे, आणि त्यामागे कोणते विज्ञान आहे व ते कोठवर पटण्याजोगे आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

मॅकडोनाल्ड्सची फ्राइज अनेक वर्षे ज्या मिश्रणात तळली जात, त्यात सुमारे ९३ टक्के गोवंशाची चरबी आणि उरलेले सरकीचे तेल असे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आलेले ओमाहा शहरातील उद्योजक फिल सोकोलॉफ यांनी स्वतःच्या पैशाने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन या चरबीविरुद्ध मोहीम उघडली आणि जुलै १९९० मध्ये कंपनीने वनस्पती तेलाचा स्वीकार केला. परंतु साधे वनस्पती तेल तळणीत फार काळ टिकत नसल्याने त्यावर हायड्रोजनची अर्धवट प्रक्रिया केलेली तेले उपाहारगृहांत वापरली जाऊ लागली, आणि त्या प्रक्रियेत निर्माण होणारी ट्रान्स मेदाम्ले मूळ चरबीपेक्षाही हृदयाला घातक असल्याचे पुढे सिद्ध झाले. चरबीबरोबर गेलेली चव परत आणण्यासाठी अमेरिकेतील फ्राइजमध्ये गोमांसापासून काढलेला स्वाद मिसळला जात असल्याचे उघड झाल्यावर तेथील हिंदू व शाकाहारी ग्राहकांनी २००१ साली दावा लावला आणि २००२ मध्ये कंपनीने एक कोटी डॉलर देऊन तो मिटवला. तेल बदलण्याचा निर्णय वरकरणी साधा भासला, तरी त्याचे असे अनेक पदर पुढे उलगडत गेले.

मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. या साखळीतील प्रत्येक कार्बन शेजारच्या कार्बनशी एकेरी बंधाने जोडलेला असेल आणि उरलेल्या जागा हायड्रोजनने भरलेल्या असतील, तर ते मेदाम्ल संपृक्त म्हटले जाते. साखळीत एक दुहेरी बंध असल्यास एक-असंपृक्त, आणि दोन किंवा अधिक असल्यास बहु-असंपृक्त. सूर्यफुलाच्या व सोयाबीनच्या तेलात विपुल असलेल्या लिनोलेइक आम्लात अठरा कार्बन व दोन दुहेरी बंध असतात, तर जवसात मुबलक असलेल्या आल्फा-लिनोलेनिक आम्लात तीन. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध असलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन अतिशय सैल धरलेला असतो. तो निसटला की त्या जागी हवेतील ऑक्सिजन शिरतो, आणि तयार झालेला अस्थिर रेणू शेजारच्या रेणूतला हायड्रोजन ओढून घेतो, त्यामुळे ही क्रिया एकदा सुरू झाली की साखळीने पुढे सरकत राहते. एकच दुहेरी बंध असलेल्या ओलेइक आम्लापेक्षा लिनोलेइक आम्ल याच कारणाने दहा पटींहून अधिक वेगाने खवट होते.

तळणीची कढई ही या क्रियेला सर्वांत अनुकूल जागा होय. तेथे तापमान १६० ते १९० अंश सेल्सिअस असते, पिठातले पाणी वाफ होऊन तेलातून उसळत राहते व मेदाचे विघटन करते, कढईचे लोखंड ऑक्सिडीकरणाला गती देते, आणि तळाशी साचलेला करपलेला चुरा ती क्रिया आणखी वाढवतो. परिणामी एकीकडे रेणू तुटून आल्डिहाइड वर्गातील संयुगे बनतात, ज्यांपैकी लिनोलेइक आम्लापासून निघणारे ४-हायड्रॉक्सिनोनेनाल हे पेशींतील प्रथिनांना चिकटणारे व त्यांचे कार्य बिघडवणारे संयुग आहे; दुसरीकडे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तेल दाट होते. हे ओळखण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. ताज्या तेलातून वडा उपसून काढला की बुडबुडे लगेच विरतात, तर जुन्या तेलावर बारीक फेस तसाच तरंगत राहतो. कढईच्या काठाला आणि झाऱ्याच्या दांड्याला जो पिवळसर तपकिरी, नखाने खरवडूनही सहज न निघणारा चिकट थर बसतो, तो एकमेकांत गुंतलेल्या याच मेदाम्लांचा असतो.

बहु-असंपृक्त मेदांवरचा आक्षेप कढईपुरता पाहिला, तर तो पूर्णपणे रास्त आहे. मात्र तेच मेद ताज्या स्वरूपात शरीरात गेल्यावरही विषासारखे वागतात, या पुढच्या विधानाला पुराव्याचे तेवढे बळ नाही. लिनोलेइक आम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही व ते अन्नातूनच मिळावे लागते, हे जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याने मिनेसोटा विद्यापीठात उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून १९२९ व १९३० साली दाखवून दिले. विरोधी बाजूने ज्या दोन जुन्या चाचण्यांचा आधार घेतला जातो, त्यांतील सिडनीच्या चाचणीशी मराठवाडा व सोलापूरकडील वाचकांचे एक नाते आहे, कारण तेथे ४५८ हृदयरोगी पुरुषांपैकी एका गटाला दिलेले तेल करडईचे होते, म्हणजे ज्यात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण सुमारे ७५ टक्के असते ते. २०१३ मध्ये या चाचणीच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या असता करडई गटात मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. १९६८ ते १९७३ या काळात मिनेसोटात मक्याच्या तेलावर झालेल्या चाचणीतही कोलेस्टेरॉल घटले, पण मृत्यू घटले नाहीत. परंतु सिडनीच्या गटाला करडईपासून केलेले मार्गारिनही दिले जात होते आणि त्यात ट्रान्स मेद असण्याची शक्यता आहे, शिवाय मिनेसोटातील बहुसंख्य व्यक्ती चाचणीत वर्षभरही राहिल्या नव्हत्या. याउलट १३ देशांतील ३० अभ्यासांची आणि ६८ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करणाऱ्या २०१९ च्या विश्लेषणात, ज्यांच्या रक्तात वा मेदपेशींत लिनोलेइक आम्ल जास्त होते, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण कमी दिसले. निरीक्षणावर बेतलेल्या अभ्यासांना मर्यादा असतात हे मान्य करूनही, तेलाच्या बाटलीला घाबरण्यासारखे त्यात काही नाही.

तरीही ज्याला हे मेद कमी करायचे आहेत, त्याने अमेरिकेतील उपाहारगृहात नजर कोठे ठेवावी, हे ठरवणे कठीण नाही. फ्राइज चरबीत तळल्याची जाहिरात पुरेशी नसते, कारण साखळी दुकानांत येणारी फ्राइज बहुधा कारखान्यातच वनस्पती तेलात अर्धवट तळून गोठवलेली असतात. मेयोनेज आणि त्यावर आधारलेली सॉस ही त्याहूनही दुर्लक्षित बाब असून सोयाबीन तेलाने केलेल्या एका मोठ्या चमच्याएवढ्या मेयोनेजमध्ये सुमारे १० ग्रॅम मेद आणि त्यांपैकी ६ ग्रॅम बहु-असंपृक्त असतात. कोंबडीच्या चरबीतही त्यांचे प्रमाण सुमारे २० टक्के, म्हणजे गोवंशाच्या चरबीच्या कितीतरी पट असते. तेव्हा सॉस न घातलेला, तव्यावर शेकलेला बर्गर आणि ‘वेंडीज’मध्ये १९८३ पासून मिळणारा भाजलेला अख्खा बटाटा, एवढ्या निवडीने बरेचसे काम साधते.

महाराष्ट्रातील गाड्यांवर व फरसाणाच्या दुकानांत परिस्थिती वेगळी आहे. तेथे स्वस्त व टिकाऊ म्हणून पामोलिन मोठ्या प्रमाणावर वापरले जाते आणि त्यात बहु-असंपृक्त मेद जेमतेम दहा-अकरा टक्के असतात. शेंगदाणा तेलात ते सुमारे ३० टक्के, सोयाबीन व सूर्यफुलात साठीच्या आसपास, तर तूप आणि लोण्यात तीन-चार टक्केच. केवळ या आकड्यांवर निवड केली, तर पामोलिनात तळलेला वडा आणि खऱ्या लोण्यात परतलेली पावभाजी हेच आदर्श खाणे ठरेल. परंतु पामोलिनात ४० टक्क्यांहून अधिक आणि लोण्याच्या मेदात त्याहूनही जास्त संपृक्त मेद असतात व ते रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतात, ही गोष्ट त्या हिशेबातून निसटते. एक दोष टाळताना दुसरा पदरात घेण्याचा हा व्यवहार शहाणपणाचा म्हणता येणार नाही. दुहेरी बंध सर्वाधिक असलेले जवस मराठी स्वयंपाकघराने भाजून चटणीच्या रूपाने ताटात वाढले. तीन दुहेरी बंधांच्या मेदाला भर कढईत न उकळण्याची ती रीत रसायनशास्त्राच्या कसोटीवरही पूर्ण उतरते.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांवर, म्हणजे तेल बिघडताना साचत जाणाऱ्या घटकांवर, २५ टक्क्यांची मर्यादा घातली असून त्यापलीकडे गेलेले तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनवण्याची योजनाही त्याच वर्षी सुरू केली. हा नियम तेलाच्या नावाला नव्हे, तर त्याच्या अवस्थेला महत्त्व देतो आणि म्हणूनच तो योग्य आहे. त्याची अंमलबजावणी मोठ्या साखळ्यांत तुलनेने सोपी आहे. बसस्थानकाबाहेरच्या गाडीवर दिवसभर मंद आचेवर ठेवलेले आणि संध्याकाळी ताजे तेल घालून वाढवलेले तेल तपासायला मात्र सहसा कोणी येत नाही. तेथे ग्राहकाची नजर हीच तपासणी.

इडली, ढोकळा, उपमा, थालीपीठ, वरून शेव न घातलेली ओली भेळ, असे पदार्थ त्याच रस्त्यावर मिळतात आणि त्यांत बहु-असंपृक्त, संपृक्त वा बिघडलेला यांपैकी कोणताच मेद तळलेल्या पदार्थांइतका नसतो. तळलेले खाण्याची इच्छा झालीच, तर तेल कोणते हे विचारण्याबरोबरच ते आज सकाळी ओतले की काल, हेही विचारावे, कढईवरचा फेस वडा काढल्यावर विरतो का ते पाहावे, आणि विरत नसेल तर पुढच्या गाडीकडे वळावे.