भाड्याचे घर आणि निवृत्तीची पुंजी

भातगिरण्या, विडीचा व्यवसाय आणि हावडा-मुंबई मार्गावरील जंक्शन यांच्या बळावर वाढलेल्या गोंदिया शहरात एखाद्या शिक्षकाच्या वा रेल्वे कर्मचाऱ्याच्या हाती निवृत्तीची रक्कम आली, की दुसरे घर घेऊन ते भाड्याने देण्याचा विचार घरात हमखास निघतो. घर कुठे पळून जात नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. घर पळत नाही हे खरे. पण भाडेकरू जातो, आणि हिशेब सारा त्याच्यावरच उभा असतो.

उदाहरणादाखल तीस लाखांचा फ्लॅट आणि दरमहा आठ हजार भाडे धरावे. खरेदीदार वर्षाचे 96 हजार मोजून समाधान पावतो. परंतु मुद्रांक शुल्क, नोंदणी व किरकोळ खर्च मिळून गुंतवणूक 32 लाखांवर जाते. वर्षाकाठी एक महिना घर रिकामे राहिले तर हाती येतात 88 हजार. नगर परिषदेचा कर, रंगरंगोटी, पंपाची दुरुस्ती आणि सोसायटीची वर्गणी यांत 18 हजार गेले की उरतात 70 हजार, म्हणजे शेकडा सव्वादोन रुपयेही नव्हेत. टपाल खात्याच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर 2025 साली 8.2 टक्के होता आणि गुंतवणुकीची मर्यादा नेमकी 30 लाखांची. तेथे वर्षाचे व्याज 2 लाख 46 हजार होते! भाड्याच्या उत्पन्नावर आयकरात 30 टक्के सरसकट वजावट मिळते हे मान्य केले, तरी एवढी दरी त्याने बुजत नाही. कर्ज काढून घर घेणाऱ्याची गोष्ट तर बोलायलाच नको. वीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतल्यास हप्ताच सुमारे 17,350 रुपयांचा पडतो. भाडे त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही.

ठेवीचे मुद्दल महागाईत झिजते, भाडे मात्र वाढत जाते व जमिनीचा भावही चढतो, हा प्रतिवाद वजनदार आहे. तथापि फ्लॅटमध्ये जमिनीचा वाटा थोडा असतो आणि बांधकाम दरवर्षी जुने होते. केवळ भाववाढीच्या भरवशावर घर घेणारा माणूस भाड्याचा नव्हे, सट्ट्याचा व्यवहार करीत असतो, आणि निवृत्तीची पुंजी त्यासाठी नसते.

भाडेकरू कोण, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा. तिरोड्याच्या 3,300 मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्रासारखा प्रकल्प उभा राहत असताना जी गर्दी येते, ती काम संपताच ओसरते. उलट 2016 साली सुरू झालेले गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, बँका, रेल्वे व जिल्हा कचेरी यांकडे बदलून वा शिकावयास येणारा वर्ग पुन्हा पुन्हा येत राहतो. त्याला पायी अंतरावरचे साधे घर हवे असते. शहराबाहेरच्या ले-आउटमधील दिमाखदार बंगला नव्हे.

कागदपत्रांच्या बाबतीत विदर्भाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. मध्य प्रांताच्या वारशाने येथील शहरांत नझूलचे भूखंड आले. अशा जागेवरील घर घेताना पट्ट्याची मुदत, नूतनीकरण आणि हस्तांतरणाची परवानगी आधी पाहावयास हवी. नुसती विक्रेत्याच्या नावची कराची पावती म्हणजे मालकी नव्हे. अकृषक परवान्याविना पाडलेल्या भूखंडांपासूनही दूर राहावे.

या सर्वांपेक्षा सरस असा एक मार्ग पुष्कळांच्या डोक्यावरच असतो, तो म्हणजे स्वतःच्या घराची गच्ची. पाया भक्कम असेल व नगर परिषदेची परवानगी मिळत असेल, तर दहा लाखांत दोन खोल्यांचा मजला चढवून सहा हजार भाडे आले, तरी वरीलप्रमाणेच रिकामा महिना व दहा हजारांचा खर्च वजा जाता 56 हजार, म्हणजे शेकडा साडेपाच रुपये पदरात पडतात. कारण जमीन पुन्हा विकत घ्यावी लागत नाही. शिवाय देखरेख आपसूक होते.

घर देताना मात्र तोंडी बोलीवर विसंबू नये. विदर्भात 1949 च्या भाडे नियंत्रण आदेशाखाली भाडेकरूस नोटीस देण्यासही नियंत्रकाची परवानगी लागे. त्या काळाची धास्ती जुन्या घरमालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तो आदेश संपुष्टात आणला. नव्या कायद्यानुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.