विहिरीवरची मोटर आणि बारा व्होल्टची पेटी

रात्रीच्या लाईटीमुळे मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारी पेटी आता बऱ्याच विहिरींवर दिसते. सोय मोठी आहे. पण काही ठिकाणी पेटीतल्या छोट्या रिलेतूनच मोटरची वायर नेलेली असते, हे आम्हांस बरे वाटत नाही.

पेटीतले इलेक्ट्रॉनिक काम ५ किंवा १२ व्होल्टवर चालते. मोटर मात्र ४१५ व्होल्ट थ्री फेजची. रिलेवर '१० अँपिअर, २५० व्होल्ट' छापलेले असते. ५ हॉर्सपॉवरची मोटर भरल्या लोडला ७-८ अँपिअर घेते, मग चालेल की, असे वाटते. चालत नाही. तो आकडा सहसा हीटरसारख्या लोडचा. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, ठिणगी पडून रिलेचे पॉइंट चिकटतात, आणि मग 'बंद' दाबले तरी मोटर चालूच!

म्हणून रिलेने फक्त स्टार्टरमधल्या काँटॅक्टरची कॉईल चालवावी, मोटरचा भार काँटॅक्टरने पेलावा. कॉईल ४१५ व्होल्टची असेल, तर २५०चा रिले तिथेही लावू नये. ओव्हरलोड वायरमनकडून तपासून घ्यावा. तो मधून काढून टाकण्याची खोड वाईट.

खरा धोका पुढेच आहे. ऑटोवर ठेवलेली मोटर लाईट येताच आपोआप सुरू होते. त्या वेळी कोणी ओल्या अंगाने विहिरीत उतरलेले असले तर? मोबाईलवर 'बंद' दिसते म्हणजे वायर मेली, असे नव्हे. आधी मेन स्विच पाडावा, तिन्ही फ्यूज काढून खिशात घालावेत, मगच हात लावावा. आणि घरी ज्याच्या हाती मोबाईल आहे, त्याला सांगून जावे.