पित्ताची गोळी आणि तिचे शेजारी

लग्नाची पंगत उठली, की कुणाच्या तरी पर्समधून पित्ताच्या गोळ्यांची पट्टी बाहेर निघते आणि बडीशेप द्यावी तितक्या सहजपणे वाटली जाते. डॉक्टरांनी ‘आणखी कुठली औषधे चालू आहेत?’ असे विचारले, तर रक्तदाबाची गोळी आठवते, साखरेची आठवते. पित्ताची मात्र आठवत नाही. कारण तिला आपण औषध समजतच नाही. घोटाळा होतो तो इथेच.

एखाद्या घरातली सकाळ पाहा. बाईंनी रिकाम्या पोटी थायरॉइडची गोळी घेतली. थोड्या वेळाने चहा झाला, छातीत जळजळले, म्हणून दोन चमचे गुलाबी पातळ औषध घेतले. अशा औषधांत बहुधा अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते आम्ल मारतात खरे, पण थायरॉइडच्या औषधालाही पोटातच धरून ठेवतात. ते रक्तात पुरेसे उतरत नाही. मग तपासणीचा आकडा जागचा हलत नाही आणि गोळी वाढवली जाते. खरे तर या दोहोंत ४ तासांचे अंतर हवे होते. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन अशा प्रतिजैविकांचेही तेच. सिप्रोफ्लॉक्सासिन अशा औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावे.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्यांची रीत निराळी. त्या आम्ल तयार होणेच कमी करतात आणि हा परिणाम दिवसभर टिकतो. त्यामुळे नुसते अंतर ठेवून भागत नाही. नायट्यासाठी दिल्या जाणाऱ्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलला विरघळायला आम्लच लागते. ते नसले, तर महागडे औषध पोटातून तसेच निघून जाते आणि नायटा जाईना म्हणून आपण डॉक्टर बदलतो!

याहून नाजूक गोष्ट हृदयरुग्णांची. स्टेंट बसवल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अनेकांना क्लोपिडोग्रेल देतात. यकृतातील एका विकराने रूपांतर केल्यावरच ते काम करू लागते आणि ओमेप्राझोल नेमके त्याच विकराला अडवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये ही जोडी टाळण्याची सूचना दिली. प्रत्यक्षात धोका किती वाढतो, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण पँटोप्राझोलचा अडथळा कमी असल्याने पर्याय हाताशी आहे.

मधुमेहींनीही एक लक्षात ठेवावे. मेटफॉर्मिन आणि आम्ल कमी करणारी गोळी, दोन्ही वर्षानुवर्षे चालली तर ‘बी-१२’ जीवनसत्त्व घटू शकते. पायांना मुंग्या येतात, दोष साखरेच्या माथी जातो. साधी रक्ततपासणी खरे काय ते सांगते.

म्हणून पित्ताची गोळी आजच केराच्या टोपलीत टाकायची का? मुळीच नाही. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या अनेकांना ती पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून मुद्दाम दिलेली असते. मनानेच बंद केली तर नवे संकट ओढवेल. करायचे ते एवढेच: पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरा. त्यात ती गुलाबी बाटलीही असू द्या.