साहेबाच्या वरचा साहेब

ऑफिसातले नकोसे निर्णय नेहमी 'वरून' येतात आणि ते घेणारा माणूस सहसा समोर नसतो. डॅनिश दिग्दर्शक लार्स फॉन ट्रिअर यांचा 'द बॉस ऑफ इट ऑल' (२००६) हा विनोदी चित्रपट या 'वर'चीच झाडाझडती घेतो. राव्न एका आयटी कंपनीचा खरा मालक. पण सगळ्यांचा लाडका राहण्यासाठी त्याने कुणी न पाहिलेला एक बडा साहेब रचला आणि कटू निर्णयांचं खापर त्याच्या माथी फोडलं. पुढे कंपनी विकत घेणारा आइसलँडचा फिन्नूर मालकाशीच बोलणार म्हणून अडून बसतो, तेव्हा राव्न क्रिस्टोफर नावाच्या बेकार नटाला साहेब म्हणून उभा करतो. राव्नने साहेबाच्या नावाने प्रत्येकाला वेगवेगळ्या थापा मारलेल्या. एका बाईला तर ईमेलवरून लग्नाची मागणीही घातलेली. हे सगळं बिचाऱ्या नटाच्या गळ्यात पडतं आणि तोही शेवटी तीच युक्ती करतो: साहेबाच्या वरचा आणखी एक साहेब काढतो!

माझ्या मते, ट्रिअर यांची शैली इथे कथेशी एकजीव झाली आहे. १९९५च्या 'डॉग्मे' जाहीरनाम्यात त्यांनी थॉमस विंटरबर्गसोबत कृत्रिम प्रकाश, सेट आणि वरून जोडलेलं संगीत स्वतःहून नाकारलं. 'डॉगव्हिल'मध्ये (२००३) गावातली घरं खडूच्या रेषांवर उभी केली. स्वतःवर बंधन घालून त्यातून वाट काढायची, ही त्यांची जुनी खोड. इथलं बंधन म्हणजे 'ऑटोमाव्हिजन'. कॅमेरा एकदा लावला की त्याचा कोन, चौकट, भिंगाची मांडणी संगणक यदृच्छेने बदलतो. त्यामुळे बोलणाऱ्याचं डोकं चौकटीबाहेर जातं, एकाच संवादात उजेड बदलतो, दृश्यं अडखळतात. ही चौकट कुणी ठरवली? कुणीच नाही, यंत्राने. राव्नही कर्मचाऱ्यांना याहून वेगळं काय सांगतो?

हा निव्वळ चमत्कृतीचा खेळ आहे, असा आक्षेप घेता येईल. कॅमेरा कुठे लावायचा, कोणता तुकडा ठेवायचा, हे शेवटी ट्रिअरच ठरवतात. मग यंत्राचं कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे, पण तो चित्रपटाच्या विरोधात जात नाही. यंत्रामागे दिग्दर्शक आहे, तसाच काल्पनिक साहेबामागे राव्न आहे, हेच तर दाखवायचं आहे. म्हणूनच सुरुवातीला ट्रिअर काचेतल्या प्रतिबिंबात स्वतः दिसतात आणि ही निरुपद्रवी कॉमेडी आहे, फार विचार करू नका, असं बजावतात. तेही हात झटकणंच. दुसरा आक्षेप पात्रं कोरडी असल्याचा. तो मात्र मान्य करावा लागतो: कर्मचाऱ्यांचं दुःख इथे बऱ्याचदा विनोदाचं इंधन ठरतं. तरी शेवट ही उणीव बरीचशी भरून काढतो. राव्न रडून कबुली देतो, कर्मचारी विरघळतात, आता कंपनी वाचणार असं वाटतं. पण विक्रीचा अधिकार नटाच्या हाती आहे आणि आपल्या आवडत्या गाम्बिनी या नाटककाराची कदर फिन्नूरला आहे, हे कळताच नट सही करून मोकळा होतो. खोट्या साहेबाची सही खरी ठरते आणि नोकऱ्या खरोखरच जातात. सत्तेवरचे गंभीर चित्रपट पुष्कळ आहेत. जबाबदारी झटकण्याची कार्यपद्धती इतक्या नेमकेपणाने उघडी पाडणारा विनोदी चित्रपट विरळाच.